चादरमावशींची कोरडी चादर

दूध उतू जायच्या बेतात होतं आणि आमचे हे पायमोजा शोधत होते. एक पायात होता. दुसरा त्यांच्याच हातात होता, पण ते त्यांना सांगायच्या आत दारावर थाप पडली. आमच्या दाराला घंटी आहे आणि ती चालतेही. तरी थाप पडली म्हणजे वरच्या मजल्यावरच्या मावशींची सून आली, हे मी ओळखलं. घाईत असली की तिला घंटी दिसत नाही.

दार उघडलं. तिच्या एका हातात धुतलेल्या कपड्यांची पिशवी होती, दुसऱ्यात चपला. चपला घालायच्या राहिल्या होत्या.

"वहिनी, आज माझ्याबरोबर हॉस्पिटलात याल का?"

"येईन की. पण झालं काय? मावशी बऱ्या आहेत ना?"

"बऱ्या आहेत. म्हणजे पाय बरा आहे. खुब्याचं ऑपरेशन छान झालं म्हणतात. वॉकर घेऊन चालतात सुद्धा. पण खाली..." ती आमच्या ह्यांच्याकडे बघून थांबली. ह्यांना पायमोजा एकदम सापडला आणि ते आत गेले.

"खाली सगळं सोललंय," ती हळू आवाजात म्हणाली. "मांड्यांच्या आत, मागे. लालभडक. डॉक्टर म्हणतात, लघवीच्या ओलाव्यानं होतं हे. पण वहिनी, चादर कोरडी असते. मी स्वतः हात फिरवून बघते. आयाबाई म्हणते कोरडी, सिस्टर म्हणतात कोरडी. डायपर लावायला गेलं तर आई म्हणतात, मला कशाला, मी काय तान्ही आहे का. मग ओलं आहे कोण?"

मी गॅस बंद केला. दूध थोडं सांडलंच होतं.

"हे भरून आल्याशिवाय घरी सोडणार नाहीत," ती म्हणाली. "आणि आमच्या ह्यांचं तर तुम्हाला माहीतच आहे."

मला माहीत होतं. तिचा नवरा वाईट माणूस नाही. आईच्या ऑपरेशनच्या वेळी तो बाकावर बसून नखं खात होता, मी पाहिलंय. पण परवा जिन्यात तो मला म्हणाला होता, "दोघंही नोकरीला जातो, वहिनी. पायाचं मी निभावून नेईन. पण आईचा ताबाच गेला असेल, तर दिवसभर कोण करणार? मग म्हाताऱ्यांच्या एखाद्या सेवागृहाचं बघावं लागेल." हेच तो मावशींच्या कॉटशेजारी उभा राहून फोनवर कुणाला तरी म्हणाला होता, असं सून सांगत होती. मावशी तेव्हा झोपल्या होत्या म्हणे. निदान डोळे मिटलेले होते.

म्हणजे गोष्ट सरळ होती. मावशी वरच्या मजल्यावरच्या त्यांच्या खोलीत परत येणार की दुसरीकडे जाणार, हे आता त्यांच्या कातडीवर ठरणार होतं. आणि त्या कातडीला काय झालंय, ते कुणालाच कळत नव्हतं.

आम्ही त्यांना चादरमावशी म्हणतो. कामावरचं नाव घरापर्यंत आलं आणि चिकटलं. एका मोठ्या हॉटेलच्या तळघरात चादरी, उशांचे अभ्रे, टॉवेल ठेवायची खोली होती, तिथे त्यांनी उभा जन्म काढला. नवरा लवकर गेला. पोरगा त्या तळघरात, इस्त्रीच्या वाफेत, धुतलेल्या टॉवेलांच्या ढिगाऱ्यावर झोपून मोठा झाला. वरच्या मजल्यांवरचे गालिचे, झुंबरं मावशींनी फारशी पाहिली नाहीत. त्यांच्याकडे हॉटेल खाली उतरून यायचं, बोचक्यातून.

"चादर उलगडली की मला रात्रीची सगळी बातमी कळते," त्या सांगायच्या. "कोण रडलं, कोण चहा घेऊन आडवं झालं, कुणाचं भांडण झालं आणि कोण काठावर झोपलं. पेपर वाचायची गरज नाही."

कुणाच्याही घरी गेल्या की बसायच्या आधी त्यांचा हात पलंगाच्या चादरीवरून फिरायचा. माझ्या घरी पहिल्यांदा आल्या तेव्हा त्यांनी माझी चादर काढून पुन्हा घातली. मला राग आला होता. मग रात्री झोपले तेव्हा कळलं की आजवर मी चादरीवर झोपत नव्हते, सुरकुत्यांवर झोपत होते. त्यांची घडी तर बघत राहावी अशी. मोठ्यात मोठी चादर त्यांच्या हातात पुस्तकाएवढी होते आणि कड कुठे गेली ते सापडत नाही. मला शिकवायचा त्यांनी खूप प्रयत्न केला. "तू बी.ए. झालीस ना," त्या म्हणायच्या, "मग कोपऱ्यात कोपरा घालायला काय होतं तुला?"

एकदा त्यांनी एका पाहुण्याची गोष्ट सांगितली होती. कामानिमित्त नेहमी येणारे कुणी म्हातारे गृहस्थ. त्यांची चादर सकाळी ओली यायची. खोल्या झाडणाऱ्या बायका ती दोन बोटांत धरून, नाक मुरडत आणायच्या आणि सगळ्यांना दाखवायच्या. मावशी ती चादर काढून घ्यायच्या आणि बाकीच्या बोचक्यात न टाकता आपल्या हातांनी आधी धुवून टाकायच्या.

"तुम्हाला कशाला उठाठेव?" मी विचारलं होतं.

"अगं, तो माणूस सकाळी लिफ्टनं उतरत नाही. जिन्यानं उतरतो, एवढे मजले. लिफ्टवाल्याला तोंड दाखवायला नको म्हणून. मग मी निदान चादर तरी लपवू नये का?"

तर अशा मावशींना भेटायला आम्ही निघालो.

वॉर्ड लांबच लांब आहे. एका टोकाला मोठी खिडकी, दुसऱ्या टोकाला बाथरूमचं दार, मधे दोन्ही बाजूंना कॉट. मावशींची कॉट खिडकीची. मुलानं ती फार खटपट करून मिळवली होती. सगळ्यांना सांगायचा, आईला खिडकी मिळवून दिली, वारा येतो, उजेड येतो, शेजारीच हात धुवायचं बेसिनही आहे. सगळा जन्म तळघरात गेला तिचा. हे सांगताना त्याचा आवाज जरा भरून यायचा.

मावशी कुशीवर झोपल्या होत्या. मला बघून हसल्या.

"आलीस का? बघ, माझा खुबा नवा झाला. आता नाचायचं तेवढं राहिलंय."

"आधी बसून तर दाखवा," मी म्हटलं.

"बसायचं सोडून बोल."

मी खुर्ची जवळ ओढली आणि मला वास आला. लघवीचा नाही, औषधाचा नाही. कपडे धुवायच्या वडीचा. दोरीवरच्या कपड्यांखालून जाताना येतो तसा. मला वाटलं, सुनेच्या पिशवीतल्या कपड्यांचा असेल. पण पिशवी तिकडे टेबलावर होती.

मी चादरीवरून हात फिरवला. कोरडी ठणठणीत. गाऊन कोरडा. मी कॉटखाली वाकून बघितलं. काय बघत होते देव जाणे.

तेवढ्यात आयाबाई आली. अंगानं भरलेली, आवाजानं त्याहून भरलेली. तिला बघताच सून उभी राहिली.

"तुम्ही वेळेवर बघत नाही ह्यांच्याकडे. नाहीतर एवढं सोललं असतं का?"

"बघते की, ताई. बघायला काही असेल तर बघीन ना? ह्या माझ्या अख्ख्या वॉर्डात एवढी कोरडी बाई नाही. मला तर वाटतं ह्या पाणीच पीत नाहीत."

"मग हे आपोआप झालं?"

"ते मला काय माहीत. तुम्हीच घरून काहीतरी आणून चोळत असाल. माझ्या नावावर नका घालू. मागे एकदा असंच झालं आणि मला दुसऱ्या मजल्यावर पाठवलं, काही कारण नसताना."

"मी लेखी तक्रार देणार आहे."

"द्या. वर सिस्टर आहेत, त्यांच्या वर डॉक्टर आहेत, त्यांच्या वर गच्ची आहे. कुठेही द्या."

शेजारच्या कॉटवरची बाई उठून बसली. मावशी मात्र भिंतीकडे तोंड करून अगदी गप्प होत्या, आणि हे मला विचित्र वाटलं. एरवी अशा भांडणात त्या पहिल्या.

सिस्टर आल्या, बारीक, चटपटीत. आयाला कामाला पाठवलं, पडदा ओढला आणि मला म्हणाल्या, "तुम्ही बघा. सगळे वेगवेगळं बोलतात, तुम्ही डोळ्यांनी बघा."

मी बघितलं. बघवत नव्हतं. मागे, मांड्यांच्या आतल्या बाजूला, कातडीच्या प्रत्येक घडीत कातडी लाल, चकचकीत, काही ठिकाणी वरचा पापुद्रा निघालेला.

"पडून पडून झालेली जखम असती, तर हाडावर असती, एका जागी," सिस्टर म्हणाल्या. "ही पसरलेली आहे, घड्यांमधे आहे. हे ओल्याचंच काम. लघवी अंगावर राहिली की कातडी भिजून मऊ होते, मग नुसतं घासलं तरी निघते. डॉक्टर चुकत नाहीत. पण मीही चुकत नाही. दर वेळी बघते तर कोरडं. मग मी चक्रावले. घाम म्हणावं, तर एवढा घाम कसा? कशाची ॲलर्जी म्हणावं, तर मलम आम्ही साधंच लावतो, आणि तेही दुसऱ्या वेळी बघावं तर पार धुतलेलं असतं."

"धुतलेलं?" मी विचारलं.

"पुसलं जात असेल," मावशी भिंतीला म्हणाल्या.

सिस्टर गेल्या. सून नवऱ्याला फोन करायला बाहेर गेली. आजच्या आज ये, आयाची तक्रार करायचीय, म्हणून. मी बसून राहिले. डोक्यात नुसता गुंता. कोरडी चादर, ओली कातडी, धुतलेलं मलम. माझ्या मनात वाईट शंकाही येऊन गेली, ती इथे लिहीत नाही, कारण ती सुनेबद्दल होती आणि ती बिचारी चपला हातात घेऊन माझ्या दारात आली होती.

ऊन मावशींच्या तोंडावर यायला लागलं. मी खिडकीचा पडदा ओढायला उठले.

"राहू दे," त्या म्हणाल्या.

"डोळ्यांवर येतंय की."

"राहू दे म्हटलं ना."

पण माझा हात पडद्यापर्यंत गेला होता. पडद्याच्या मागे खिडकीच्या कठड्यावर नॅपकिन वाळत होते. सुनेनं तोंड पुसायला म्हणून घरून दिलेले. एकावर एक, कडा आत वळवलेल्या, कोपऱ्यात कोपरा. त्या घडीची ओळख पटायला मला वेळ लागला नाही. एक हातात घेतला. पुठ्ठ्यासारखा कडक, साबण न निघालेला, आणि मधे अजून दमट. त्यांच्या पलीकडे एका झाकणात धुवायच्या वडीचा तुकडा.

मी वळले. मावशी माझ्याकडे बघत होत्या.

"ही वडी कुणी आणली?"

"सुनेनं. रुमाल धुवायला पाहिजे म्हणून मी मागितली. तिला काय माहीत."

"आणि हे..."

"आत ठेवते," त्या म्हणाल्या. "घडी करून. कुणाला दिसत नाही. गाऊनवरून कळतं का तुला? नाही ना? मग झालं. ओलं झालं की कॉटचा पडदा ओढून काढते, बेसिनमधे धुते, दुसरा घेते."

"लगेच?"

"लगेच कसं? ती आया येरझारा घालत असते. ही समोरची बाई दिवसभर इकडेच तोंड करून बसते. संधी मिळाली की."

"तोपर्यंत ओलं तसंच?"

त्या गाऊनचं बटण चाळवायला लागल्या.

"आणि पाणी पीत नाही तेही खरंच?"

"घोट घोट घेते. जास्त प्यायलं की जास्त होणार. आणि मी अंगही धुते, नुसतं पुसत नाही. ह्याच साबणानं. चांगलं घासून. जळायला लागलं ना, तेव्हा मला वाटलं, घाण राहतेय म्हणून जळतंय. म्हणून आणखी घासलं. सिस्टरचं ते मलम चिकट, त्याला घाण धरेल म्हणून तेही काढून टाकते." त्यांनी डोळे मिटले. "डाग जाईना म्हटल्यावर मी काय करायचं? मला डाग काढायची एकच रीत येते."

मी तो नॅपकिन हातात घेऊन उभी होते. मला रडू येत होतं आणि हसूही. एवढी सुंदर घडी.

"कुणाला सांगू नकोस," त्या म्हणाल्या. "ताबा गेला असं कळलं की हा मला त्या जागी पोचवणार. मी ऐकलंय. तो वाईट नाही, पण पोचवणार. आणि चादर ओली केली तर ती उचलून खाली कुणीतरी नेणार, मोजणार, तोंड वाकडं करणार. मला माहीत नाही का खाली काय चालतं?"

आता मी काय करावं? सांगितलं, तर मुलगा म्हणणार, बघा, ताबा गेलाच आहे. नाही सांगितलं, तर ह्या घासत राहणार, कातडी भरणार नाही, घरी सोडणार नाहीत, आणि शेवटी तेच. मी दोन्ही बाजूंनी विचार केला आणि दोन्ही वेळा त्याच जागी आले. नॅपकिन परत कठड्यावर ठेवला. मग उचलला. मग पुन्हा ठेवला. पडदा सारखा केला, ऊन आलं तर आलं.

मुलगा आला तो थेट कामावरून, धापा टाकत. मागे सून, तिच्या मागे सिस्टर आणि सगळ्यात मागे आयाबाई, कमरेवर हात ठेवून.

"कुठे आहे ती तक्रार? आणा, मी सही करतो," मुलगा म्हणाला. "माझी आई इथे धडधाकट आली होती."

"मोडलेला पाय घेऊन आली होती," सिस्टर शांतपणे म्हणाल्या.

"पायाचं वेगळं. ह्या बाईनं लक्ष दिलं नाही म्हणून हे झालं."

आयाबाईचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. "दादा, मी लक्ष देते हो. तुम्ही ह्यांनाच विचारा ना."

माझी जीभ वळवळत होती. मी मावशींकडे बघितलं. त्या उठून बसायचा प्रयत्न करत होत्या. बसणं किती दुखत असेल ते मी नुकतंच पाहिलं होतं. मी हात दिला, तो त्यांनी घट्ट धरला.

"तिचं काही नाही," मावशी म्हणाल्या. "तिच्यावर घालू नकोस. ते माझं आहे. मी केलेलं आहे."

"काय केलंस तू?"

त्यांनी खिडकीच्या पडद्याकडे बोट केलं. सिस्टरनी पडदा बाजूला केला, नॅपकिन उचलला, हुंगला, वडी बघितली, आणि कपाळाला हात लावला. सुनेनं वडी ओळखली.

"आजी," सिस्टर म्हणाल्या, "भांडी घासल्यासारखी ही कातडी घासलीत तुम्ही. लघवीनं आधीच कच्ची झालेली, त्यावर हा साबण. नुसतं कोमट पाणी, हलक्या हातानं टिपायचं, घासायचं नाही, आणि मलम राहू द्यायचं, ते तेवढ्यासाठीच असतं. पाणी कमी पिऊन तर लघवी आणखी जळजळीत होते."

"मला कुणी सांगितलं नाही."

"तुम्ही कोरड्या होतात, आजी. कोरड्या माणसाला काय सांगणार?"

आयाबाई नॅपकिनची घडी उलटसुलट करून बघत होती. "कड कुठे आहे ह्याची?" ती पुटपुटली.

मुलगा कॉटच्या काठावर बसला. "आई, मला का नाही सांगितलंस?"

"तू सेवागृहात फोन केला असतास."

"मी नुसती चौकशी..." तो थांबला. "तू जागी होतीस?"

"डोळे मिटले होते."

सिस्टरनी विचारलं, "आजी, खरं सांगा. लागली की तुम्हाला कळतं का?"

"कळतं की. न कळायला काय झालं? कळतं, उठते, वॉकर धरते, निघते. अर्ध्या वाटेपर्यंत ठीक असतं. पुढे जमत नाही."

"मग भांडं मागायचं."

"मागितलं की यायला वेळ लागतो. आणि भांडं आलं की मग होत नाही."

मुलानं वॉर्डच्या त्या टोकाकडे बघितलं, मग आईकडे, मग सिस्टरकडे. "म्हणजे हिचा ताबा आहे की गेला? मला काहीच कळेना झालंय."

"थोडा आहे," सिस्टर म्हणाल्या. "थोडा नाही. ह्या वयात, ऑपरेशननंतर असंच असतं. पुढे काय होईल ते मी आज नाही सांगू शकत."

"मग घरी...?" सुनेनं अर्धंच विचारलं. मी सुरकुत्या नसलेल्या चादरीवरून उगीच हात फिरवत होते.

"बरं, आई," मुलगा म्हणाला, "ते नंतर बघू. आत्ता तुला काय हवंय? पंखा आणू? मऊ गादी आणू? सांग ना."

मावशींनी माझा हात सोडला आणि गाऊन गुडघ्यांवर सारखा केला.

"मला खिडकी नको," त्या म्हणाल्या. "त्या टोकाला संडासाच्या दाराशेजारची कॉट रिकामी आहे. मला तिथे न्या."